हळदीच्या अंगाला बाटली

भिकानं सयाजीच्या पोराला इख घातलं, ही बातमी पिंपळवंडीत फुटली ती पिठाच्या गिरणीवर. फोडणारी अर्थातच झुंबरबाई. तिची बाजरी दळून होईतो पोराच्या तोंडाला फेस आला होता, पीठ डब्यात भरेतो त्याला नारायणगावला दवाखान्यात हलवला होता, आणि डबा डोक्यावर घेऊन ती वरच्या आळीला वळली तेव्हा पोरगं खपलंसुद्धा होतं. “परवाची हळद अंगावर, बाई! नवरीनं अजून घरातले डबे बी उघडून बघितले न्हाईत!” असं म्हणत तिनं पदरानं डोळे टिपले. ऐकणाऱ्या दोघींनी खरोखरचं रडून घेतलं. एकीनं तर चुलीवरची भाजी उतरवून ठेवली. सुतकात फोडणी कशाला, म्हणून.

त्याच घडीला मयत नवरदेव स्वतःच्या ओट्यावर, लिंबाच्या सावलीत खाटेवर पडून दहीभात खात होता. वर लोणचंही मागत होता. इख नव्हतं, बियर होती. एक बाटली. ती कुणी त्याच्या नरड्यात ओतली नव्हती, त्यानं तोंडानं मागून घेतली होती, आणि सोबतीला खारे शेंगदाणेही. म्हणजे मेलं कोणीच नव्हतं. पण मरायची पाळी एकावर आली होती खरी. बाटली देणाऱ्यावर. भिकावर.

भिका मूळचा आहुप्याकडचा, डोंगरातला. मिसरूड फुटायच्या वयात खाली उतरला तो बेल्ह्याच्या बाजारात, बैलांच्या एका दलालाच्या हाताखाली. तिथं त्यानं एकच विद्या घेतली, पण पक्की घेतली. बैलाचं वय मालकाला विचारायचं नाही. मालकाला बैल विकायचा असतो. सरळ जबडा धरायचा, ओठ वर करायचा आणि दात बघायचे. दुधाच्या दातांचा तो आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि सगळे दात आलेला तो जुळलेला. पुढं दलाल म्हातारा झाला, शेतात ट्रॅक्टर आले, आणि भिका हायवेवरच्या भरतशेठच्या परमिट रूममध्ये वेटर म्हणून लागला. बैल सुटले, पण दात बघायची खोड काही सुटली नाही.

भरतशेठनं परमिट रूममध्ये कायद्यानं लावायला लागते तशी पाटी लावली होती. एकवीसच्या आतल्याला बियर नाही, पंचवीसच्या आतल्याला बाकीची दारू नाही. पाटी लावली होती फ्रिजच्या मागच्या भिंतीवर, आणि वरून प्लॅस्टिकचा वेल सोडला होता. गिऱ्हाइकाला वेल दिसायचा. भिकानं मात्र वेल बाजूला करून, बोट ठेवून, पाटी वाचली होती आणि ती मनावर घेतली होती. कारण कामाला लागला तेव्हा भरतशेठनं त्याचा फोटो चिकटवून, सही घेऊन, नोकरनामा केला होता. माझ्या वतीनं हा माणूस दारू विकेल, असं लिहिलेला सरकारी नमुन्याचा कागद तो. शिक्का असलेला कागद भिकाच्या घराण्यात तोवर कुणाच्या नावानं निघाला नव्हता. त्याची बायको लंकाबाई तर पावण्यारावळ्यांत सांगायची, “आमच्या ह्यांना सरकारनं कागद दिलाय.” कसला, ते सांगत नसे. ऐकणाऱ्याला वाटे, स्वातंत्र्यसैनिकाचा असावा.

अवसरीला इंजिनियरिंगचं सरकारी कॉलेज निघालं आणि भिकाची विद्या पुन्हा कामाला आली. कॉलेजाच्या आसपास कुणी सर बघतील म्हणून पोरं मोटरसायकलवर तिघं तिघं बसून इतक्या लांब यायची आणि कोपऱ्यातलं टेबल धरायची. भिका फडकं खांद्यावर टाकून समोर उभा राहायचा.

“आ करा.”

“काका, ऑर्डर घ्या ना.”

“आधी आ करा. अक्कलदाढ बघतो. अक्कल आली आसंल तर बियर, न्हाईतर मिसळ.”

“अहो, आयकार्ड दाखवतो!”

“कार्डावरचा फोटो कुणाचा बी आसतोय. दाढ दुसऱ्याची आनता येत न्हाई.”

निम्मी पोरं हसून हसून आ करायची आणि मिसळ खाऊन जायची. त्यांनी त्याचं नाव डेंटिस्ट ठेवलं होतं. आता ह्या शास्त्रात खोट होती, नाही असं नाही. एका तलाठ्याची पस्तिशी उलटली तरी त्याला अक्कलदाढ आली नव्हती. त्याला भिकानं लिंबू सरबतावर परत पाठवला. तलाठ्याला अक्कलदाढ नाही, ह्याचं तालुक्यात कुणालाच नवल वाटलं नाही. भरतशेठ मात्र कपाळावर हात मारून घ्यायचा. “भिक्या, धंदा करायचाय का दवाखाना काढायचाय?” भिका म्हणायचा, “शेट, नोकरनाम्यावर फोटू माजा हाय.”

एवढा कडक माणूस घसरला तो त्या दिवशीच्या दुपारी.

आदेश हा सयाजीचा एकुलता एक. सयाजी म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. ऊस, द्राक्षं, दारात दोन ट्रॅक्टर आणि बोलण्यात चार. आदल्या दिवशीच मंचरच्या कार्यालयात पोराचं लग्न झालं होतं. बँड असा की पलीकडच्या कार्यालयातल्या नवरदेवाला आपलीच वरात आहे असं वाटावं. अक्षता टाकायला कोण नव्हतं? गुरुजी होते, ग्रामसेवक होते, सोसायटीचे चेअरमन होते, तालुक्याचे दोन पुढारी होते आणि पंगतीला भिकाही होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सत्यनारायण. तोवर नवरदेवानं उपाशी राहायचं. नवरदेव दुपारी “मित्राला एसटीवर सोडून येतो” म्हणून निघाला आणि दोन मित्रांसह भरतशेठच्या परमिट रूममध्ये उगवला.

ध्यान बघण्यासारखं होतं. कान पिवळे, कपाळावर मुंडावळ्यांचे वळ, मनगटाला हळकुंडाचं कांकण, आणि हातात लिंबू खोचलेली कट्यार. हळदीचं अंग बिनलोखंडाचं घराबाहेर पडत नाही, म्हणून.

“भिकाभाऊ, एक बियर. गार.”

भिकाचा हात सवयीनं नवरदेवाच्या हनुवटीकडं गेला आणि मधेच अडकला.

“ओ भाऊ,” एक मित्र ओरडला, “नवरदेवाचा जबडा धरता का राव? बैल हाय का तो?”

“तसं न्हाई, पण...”

“पण काय? हळदीच्या अंगाला न्हाई म्हणायचं नसतं. तुमच्या डोंगरात नाय का हे?”

इथंच भिका गारद झाला. कारण डोंगरात तर हे जास्तच होतं. हळद उतरेपर्यंत नवरदेव म्हणजे खरोखरचा देव. त्यानं कुणाच्या परड्यातली काकडी तोडली तरी परड्याची मालकीण वर मीठ आणून देते. देवाला नाही म्हटलं की ते संसाराला बाधतं, असं भिका आईच्या तोंडून ऐकत वाढलेला. त्यानं मान खाजवली. मग त्याला ग्रामपंचायतीची भिंत आठवली. तिच्यावर रंगानं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, लग्नाला मुलगा एकवीस, मुलगी अठरा. भिकाचं डोकं भराभर चालायला लागलं. लग्नाला एकवीस लागतात. बियरला एकवीस लागतात. ह्याचं लग्न तर काल माझ्या डोळ्यांदेखत झालं. एवढ्या शिकलेल्या माणसांनी अक्षता टाकल्या, ते काय आंधळे होते? मग आपण कोण दात बघणारे?

“एकच मिळंल,” तो म्हणाला. “आन् सरळ घरला जायचं.”

मित्रांचे जबडे मात्र त्यानं रीतसर उघडून बघितले आणि त्यांच्यापुढं सोडा ठेवला. नवरदेवाची बाटली आणली ती ट्रे स्वच्छ फडक्यानं पुसून, नैवेद्य आणावा तशी.

उपाशी पोट, वैशाखाचं ऊन आणि पहिलीवहिली बियर. संध्याकाळी पूजेला बसेपर्यंत नवरदेवानं कसाबसा तग धरला. समया लागल्या होत्या, धूप निघत होता, व्याही मंडळी मंचरहून येऊन पुढं बसली होती. भटजी दुसऱ्या अध्यायात रंगले होते. त्यांनी नवरदेवाच्या हातावर पळीनं पाणी घातलं. नवरदेव वाकला, आणि प्रसादाच्या शिऱ्याच्या पातेल्यात पार मोकळा झाला.

भटजींचा हात पळीसकट हवेतच राहिला. शंख वाजवणाऱ्यानं शंख तोंडाला लावला होता, त्यातून फूस असा आवाज निघाला. बायकांच्या घोळक्यातून आधी ‘अगं बाई’ आलं आणि त्याच्यामागून वास आला. साजूक तूप, केळं, वेलदोडा, आणि त्या सगळ्याच्या वरताण तो एक आंबूस भपकारा. तो कशाचा, हे ओळखायला पुरुषांना फार वेळ लागला नाही. नवरी तेजस्विनी तेवढी शुद्धीवर होती. तिनं शालू आवरला, शेल्याची गाठ सोडवली आणि म्हणाली, “ह्यांना आधी आत न्या. आणि पातेलं बी.”

सयाजीच्या तोंडचं पाणी पळालं. शंभर माणसांत, व्याह्यांच्या पुढ्यात, देवाच्या चौरंगावर! पोरगं पितं, असं म्हणायची तर सोय नव्हती. मग राहिलं एकच. पोराला पाजली. कुणी पाजली? दोन्ही मित्रांनी हात झटकून भिकाचं नाव सांगितलं.

सकाळी उठून सयाजी जीप घेऊन पोलीस चौकीवर गेला. तिथून त्याला, हे काम एक्साईजवाल्यांचं, असं सांगण्यात आलं. तो तिकडं गेला. जिथं गेला तिथं एकच पालुपद. “साहेब, एकोणीस वर्षांचं लेकरू हो माझं! अजाण! त्याला त्या वेटरनं दारू पाजली! कायदा हाय का न्हाई?” वाटेत चहाच्या टपरीवर सांगितलं, पेट्रोल पंपावर सांगितलं, सोसायटीत सांगितलं. एकोणीस, एकोणीस, एकोणीस. झुंबरबाईच्या कानावर पोचेपर्यंत दारूचं इख झालं होतं, एवढंच.

भिका घरात दाढी करत बसला होता. लंकाबाई नळावरून हंडा अर्धाच भरून परत आली.

“अवं, तुमी नवरदेवाला इख घातलं?”

भिकाचा वस्तरा गालावर थांबला. “काय?”

“समदी नळावर बोलत्यात. पोरगं गेलं म्हनं.”

एका गालावर फेस तसाच. बाटलीत काही होतं का? झाकण नीट होतं का? हळदीचं पोर, आपल्या हातानं... तेवढ्यात भरतशेठची मोटरसायकल दारात थांबली. पोरगं जिवंत आहे हे त्यानं सांगितलं, तेव्हा भिकानं वस्तऱ्यासकटच भिंतीवरच्या देवाला हात जोडले. पण शेठचं बोलणं संपलं नव्हतं.

“जोडतोस काय हात? केस होतीय तुझ्यावर. एकवीसच्या आतल्याला बियर दिली म्हणून.”

“माज्यावर?” भिकाला वाटलं, शेठ थट्टा करतोय. “शेट, बाटली तुमची, फ्रिज तुमचा, लायसन तुमचं. मी निस्ता ट्रे नेला.”

“नोकरनाम्यावर फोटो कुणाचा हाय? टेबलावर ठेवली कुणी? मी तर पुण्याला व्हतो.”

लंकाबाई दारात उभी राहून ऐकत होती. ज्या कागदाचा पावण्यांत एवढा डंका पिटला, तो कागद नवऱ्याला घेऊन बुडणार हे तिला कळलं. केस झाली तर दंड, कदाचित तुरुंग, आणि पुन्हा कुठल्याच परमिट रूममध्ये कोणी भिकाला उभा करणार नाही. डोंगरात परत जायला आता तिथं काही उरलं नव्हतं. “वस्तरा खाली ठेवा आधी,” ती एवढंच म्हणाली. “गाल कापंल.”

एक्साईजचे साहेब दुपारी परमिट रूमवर आले. खुर्ची घेऊन पाटीसमोरच बसले आणि पहिलं काम म्हणजे प्लॅस्टिकचा वेल ओढून काढला. सयाजी चार माणसं घेऊन हजर होताच.

“बियर दिलीस?” साहेबांनी भिकाला विचारलं.

“दिली साहेब.”

“वय विचारलंस?”

“न्हाई साहेब. हळद व्हती अंगावर. लगीन झालेलं बघितलं व्हतं. लगनाला एकवीस लागत्यात, म्हून मला वाटलं...”

“कायद्यात ‘मला वाटलं’ला जागा नाही,” साहेब म्हणाले. “गिऱ्हाइकाचं वय कमी नाही, ह्याची खात्री देणाऱ्यानं करायची. मिशी बघून नाही, हळद बघून नाही. पुरावा मागायचा. संशय आला तर बाटली उघडायची नाही, मग समोर नवरदेव असो नाहीतर त्याचा बाप.”

“आयका, आयका!” भरतशेठ मागून म्हणाला. “मी ह्याला हेच सांगत व्हतो साहेब.”

साहेबांनी मान वळवली. “तुम्ही पुढं या. नोकरानं दिली म्हणजे मालकानं दिली, असंच धरतात. देणारा हात गुन्हेगार, आणि तो हात ठेवणाराही. तुम्ही पुण्याला असा नाहीतर काशीला. लायसन तुमचं जातं.”

भरतशेठ बसला तो खुर्ची कुठं आहे हे न बघताच. खुर्ची नव्हती.

सयाजीला मात्र चेव आला. “घाला बेड्या ह्याला! साहेब, लेकरू हो माझं! एकोणीस म्हणजे काय वय हाय? त्याला कशाची अक्कल?”

“एकोणीस?”

आवाज दारातून आला. व्याही भगवंतराव. मंचरहून जावयाची तब्येत बघायला निघाले होते. पेट्रोल पंपावर कुणीतरी त्यांना गोष्ट सांगितली आणि ते गाडी वळवून इकडंच आले. शांत माणूस, पण त्या वेळी टोपी हातात आली होती.

“सयाजीराव, आमाला तर बावीस सांगितला व्हता.”

सयाजी घाईघाईनं व्याह्यांसाठी खुर्ची ओढायला लागला.

“पत्रिका जुळवली तवा बावीस सांगितला तुमी. माझी पोरगी इसाची हाय. म्हंजे नवरी नवऱ्यापरीस मोठी दिली का मी?” भगवंतरावांचा आवाज चढला. “चार गावांत तोंड कुठं दाखवू आता?”

कोपऱ्यात मिसळ खात बसलेल्या गिऱ्हाइकाचा पाव रश्शात बुडून विरघळला तरी त्याला पत्ता नाही. भिका एकदा ह्याच्या तोंडाकडं बघे, एकदा त्याच्या. एवढं मोठं लग्न, एवढा बँड, एवढ्या अक्षता, आणि पोराचं वय कुणालाच ठाऊक नव्हतं? आपण ज्यांच्याकडं बघून बाटली दिली ते सगळे एकमेकांकडं बघून अक्षता टाकत होते?

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं आणि शांतपणे म्हणाले, “सयाजीराव, एकवीसच्या आतल्या मुलाचं लग्न लावणं हाही गुन्हा आहे. तो वडलांवर येतो. तर मी आता लिहून घेतो. मुलाचं वय काय लिहू?”

सयाजीनं साहेबांकडं बघितलं. व्याह्याकडं बघितलं. बरोबरची चार माणसं एव्हाना जीपच्या पलीकडं जाऊन उभी होती. त्यानं उपरण्यानं मान पुसली. “तसं बघायला गेलं तर... घाईत बोललो साहेब. रागात माणूस बोलतो. एकवीस पुरी हायत. बाविसावं चालू हाय.”

“नक्की?”

“नक्की म्हंजे काय! बापाला ठावं नसणार तर कुणाला? माझी तक्रार नाय. काढून घेतो.”

भगवंतरावांनी टोपी डोक्यावर ठेवली. पटलं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण पोरगी नांदायला गेली होती, आणि बाविसावं चालू म्हटल्यावर तिला घरी न्यायचं तर काय सांगून न्यायचं? साहेबांनाही पटलं नव्हतं. त्यांनी कागद पुढं ओढला, तक्रार मागं घेतल्याची सयाजीची सही घेतली आणि भिकाला बोटानं जवळ बोलावलं. “ह्या खेपेला वाचलास. पुढच्या वेळी पुरावा. आणि ते जबडे उघडणं बंद कर. लोकांना आवडत नाही आणि कायद्यात बसत नाही.” मग भरतशेठला म्हणाले, “पाटी दाराशी लावा. वेल घरी न्या.”

साहेब गेले. सयाजीला आता मोठं मन दाखवायची घाई झाली. माणसं परत जवळ आली होती, व्याही ऐकत होते. तो भिकाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणाला, “जाऊ दे भिका, मी तुला माफ केलं. पण पुढं ध्यानात ठेव. पोराबाळांच्या बाबतीत माणसानं जबाबदारीनं वागावं.”

दुपारपासून जो माणूस ‘व्हय साहेब, न्हाई साहेब’ ह्याच्यापलीकडं गेला नव्हता, त्यानं खांद्यावरचा हात हळूच उचलून बाजूला केला. एका गालावर दाढी तशीच होती. फडकं झटकलं आणि म्हणाला,

“सयाजीभाऊ, सोयरीक करताना पोरगं बावीसचं व्हतं, तक्रार करताना एकोणीसचं झालं, आन् आत्ता व्याही आले तर एकवीस पुरी. उद्या दुपारी मी ड्युटीवर हाय. त्या वक्ताला त्याचं वय काय आसंल, तेवढं आजच सांगून ठेवा.”